टोकं कापलेली रेघ

“चला, जाता जाता का होईना, बाईंच्या हाती काहीतरी लागलं.”

माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले. हळू आवाजात, चांगल्या मनानेच. शेजाऱ्याने मान डोलावली आणि चहाचा रिकामा कप खुर्चीखाली सरकवला. रविवारची सकाळ, अकरा वाजलेले. चिक्कडपल्लीतल्या आपल्या मराठी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा होती, मावशी, आणि मी अगदी मागच्या रांगेत, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत तुझी वही.

समोर टेबलावर तुझा फोटो होता. निवृत्तीच्या दिवशी हॉस्पिटलात काढलेला, ज्यात तू फोटोग्राफरला आता काहीतरी सुनावणार असं वाटतं. त्याला हार. आणि त्याच्यामागे भिंतीवर, तुझ्या फोटोच्या कितीतरी पट मोठा फ्लेक्स. काळंकुट्ट आकाश, मधोमध एक पांढरी रेघ, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती, वातीसारखी. खाली ठळक अक्षरांत ‘कै. शकुंतलाबाईंनी शोधलेला लघुग्रह’.

हाती काहीतरी लागलं! चार वर्षं तू रोज सकाळी डोळे ताणून आकाशाचे फोटो तपासलेस आणि ‘हे नाही, हेही नाही’ असं लिहीत गेलीस, ते या लोकांच्या लेखी काहीच नव्हतं. आणि शेवटी ‘लागलं’ म्हणून त्यांनी जे भिंतीवर टांगलं, ते तू स्वतःच्या हाताने बाद केलेलं होतं. तुझ्या वहीत त्या रेघेपुढे काय लिहिलंय, ते त्या हॉलमध्ये फक्त मी वाचलं होतं. ती रेघ अशी वातीसारखी का दिसते, हे तर एकट्या मलाच माहीत होतं.

मला राग आला की माझा चेहरा कोरा होतो. आईला वाटतं, या मुलीला काही वाटतच नाही. तू मात्र पहिल्या महिन्यातच ओळखलं होतंस. “ही गप्प बसली की समजायचं, आत कुकर लागलाय.” रविवारी तो कुकर लागला होता, आणि शिट्टी ओळखणारं माणूस हारात बसलेलं होतं.

आपली ओळख तुझ्या रुसलेल्या लॅपटॉपमुळे झाली. तू तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्या. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून हैदराबादला आलो त्याला दहा-बारा वर्षं झाली होती. शाळा-कॉलेजात माझं इंग्रजी आणि हिंदी चालायचं, मराठी फक्त घरात, जेवायला ये आणि पंखा बंद कर एवढ्यापुरतं. तू वर येऊन आईला म्हणालीस, “तुमची पोरगी कॉम्प्युटर शिकायलीय ना? खाली पाठवा जरा. आमचं यंत्र रुसलंय.” मी नाखुशीनेच आले. “मावशी, तुम्ही पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय?” असं विचारलं, तर तू चष्म्यावरून बघत राहिलीस.

“मावशी म्हणतेस आन् तुम्ही म्हणतेस? मावशीला कोणी तुम्ही म्हणतंय का गं? एक काहीतरी ठरव.”

मला वाटलं होतं, तुला परदेशातल्या कोणा भाच्याशी व्हिडिओवर बोलायचं असेल. तर तुला आकाश बघायचं होतं. लांब कुठल्यातरी डोंगरावरची दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो काढते, काही मिनिटांच्या अंतराने. ते फोटो जगभरातल्या साध्यासुध्या लोकांना पाठवतात. आपण ते एकामागून एक भराभर फिरवून बघायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका चारही फोटोंत सरळ रेषेत, सारख्या पावलांनी पुढे सरकला, तर तो लघुग्रह असू शकतो. वाचनालयाच्या विज्ञान मंडळाने यात नाव नोंदवलं होतं. मंडळाचे सचिव, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात, त्यांनी मोठी यादी केली होती. दुसऱ्या आठवड्यात कोणाला काही सापडलं नाही, आणि यादीतले बहुतेक जण गळाले. तू राहिलीस.

“एक्स-रेच्या खोलीत तीस वर्षं काढली मी,” तू म्हणालीस. “काळ्यावरचं पांढरं बघायची सवय आहे.”

तेव्हापासून रोज आठ वाजता, तुझं दूध आणि पेपर आटोपला की मी खाली यायचे. तू पडदे ओढून घ्यायचीस. बाहेर भाजीवाला ओरडत असायचा, समोरच्या टिफिन सेंटरमधून डोशाचा वास यायचा, आणि आत आपण दोघी भर सकाळी आकाश बघत बसायचो. “उजेड वाढव.” “उजेड कमी कर.” “हौ, थांब, मागं घे.” तुझ्या हाताखाली मी एखाद्या मशीनसारखी बटणं दाबायचे, आणि हळूहळू मला दिसायला लागलं.

सुरुवातीला मला सगळंच लघुग्रह वाटायचं. एकदा मी अक्षरशः खुर्चीवरून उठून नाचले होते, आठवतं? ठिपका चारही फोटोंत सरकत होता, सरळ, सारख्या पावलांनी. तू हातातल्या काडीने लॅपटॉपच्या पडद्यावर दाखवलंस. “बाजूचा तो बघ. तो बी तेवढाच चालायलाय. आन् तो कोपऱ्यातला बी. काय, सगळे मिळून वरातीला निघालेत?” मग कळलं की कॅमेऱ्यातलेच काही ठिपके बिघडून कायमचे पेटलेले असतात. दुर्बीण जराशी हलली की ताऱ्यांच्या मानाने तेच चालत असल्यासारखे वाटतात. सुईने टोचल्यासारखा एखादा पांढरा कण फक्त एकाच फोटोत दिसायचा, तोही काही नसायचा. तेजस्वी ताऱ्याशेजारी फिकट गोल चकती दिसली की तू म्हणायचीस, “हे आतलं भूत आहे, दुर्बिणीच्याच पोटातलं.” आणि रेघा. विमानाची रेघ तुटक, दिव्यांच्या उघडझापीची. उपग्रहाची अखंड, फोटोच्या एका कडेतून शिरून दुसरीतून निघून जाणारी.

या सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द होता, वेणी. बाहेरच्या कोणाला तो कळला नसता. मलाही सहा महिने माहीत नव्हतं की तो कुठून आला.

मी विचारलंच नव्हतं. एका सकाळी मी केस मोकळे सोडून आले आणि तू सवयीने म्हणालीस, “केस वर बांध.” मग स्वतःशीच हसलीस, आणि मग हसायची थांबलीस. नोकरीला लागून तुला वर्षच झालं होतं. एक मुलगी आली, छातीचा फोटो काढायला. वेणी उचलून डोक्यावर बांधायची, हा नियम. त्या दिवशी रांग दारापर्यंत होती. तू बांधली नाहीस.

“फिल्मवर फुफ्फुसाच्या वरच्या अंगाला डाग आला. मोठे डॉक्टर म्हणाले, क्षय. मी फिल्म परत उजेडावर धरली. डाग फुफ्फुसात थांबतच नव्हता गं. वरून मानेत गेला होता. फुफ्फुसाचा डाग असेल तर फुफ्फुसात थांबेल ना? टोक बाहेर गेलं म्हणजे ती वरून पडलेली सावली. वेणी होती ती.”

“मग तू सांगितलंस ना?”

“आठ दिवसांनी. ते मोठे डॉक्टर, मी कालची पोर. आठ दिवस धीर झाला नाही. मग सांगितलं, परत फोटो काढला, फुफ्फुस आरशासारखं साफ. पण तवर तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.” तू काडी वहीवर आडवी ठेवलीस. “दुसऱ्यांदा आली तेव्हा मला एक शब्द बोलली नाही. केस तेवढे आपले आपण वर बांधले.”

तुझ्या वहीतला नियम त्या मुलीचा आहे, हे मला तेव्हा समजलं. ‘नाही’ लिहायचं तर पुढे कारण लिहायचं, आणि कारण लिहिण्याआधी टोकं बघायची. आबिड्सच्या बाजारातून आणलेली ती लांब, जाड पुठ्ठ्याची वही. मला देवनागरी नीट वाचता यायची नाही, मी तुझ्या वहीतून शिकले. माझ्या वाचनातला पहिला सलग मराठी मजकूर म्हणजे ‘नाही. विमान. नाही. उपग्रह, दोन्ही कडांना भिडतो. नाही. भूत’. कॉलेजातल्या कोणाला सांगितलं असतं तर हसले असते. मी कोणाला सांगितलंच नाही. ती वही, ती खोली, तुझी ती काडी, हे सगळं मी जपून ठेवलं होतं.

तुझं हे वेड कुठेही सुरू व्हायचं. जानेवारीत नामपल्लीच्या प्रदर्शनात आपण गेलो होतो. तिथल्या एका स्टॉलवर आकाशाची पोस्टरं विकायला होती, ताऱ्यांना चार-चार लखलखीत टोकं असलेली. तू स्टॉलवाल्याला विचारलंस, “बेटा, ये क्या है?”

“तारे की किरणां हैं अम्मा.”

“किरणां कायकी? दुर्बीन के अंदर डंडे रहते, उनकी छाया है वो.”

“अम्मा, लेना है तो लेव, नै तो आगे बढो. कायको धंदे की वाट लगा रैं.”

आणि तू ते पोस्टर घेतलंस! वर लाल पेनाने बाण काढून ‘दांड्या’ असं लिहिलंस आणि स्वयंपाकघरात लावलंस. तुला ते सुंदरही वाटत होतं आणि त्यातली दांडीही दिसत होती. दोन्ही एकाच वेळी. मला ते जमत नव्हतं. मला काही सुंदर दिसलं की ते खरंच असावं असं वाटायचं.

गेल्या वर्षभरात रेघा फार वाढल्या. पहिल्या वर्षी आठवड्यातून एखादी दिसायची. आता कधी कधी चारही फोटो ओरबाडलेले असायचे. मी चिडायचे. कोणीतरी कुठेतरी बसून शेकडो उपग्रह वर फेकतं आणि आपल्याला कोणी विचारतसुद्धा नाही, हे आकाश काय त्यांच्या बापाचं आहे का, असं मी तुझ्यासमोर बोलायचे. दुसऱ्या कोणासमोर एवढी वाक्यं मी सलग बोलले नाही. तू म्हणायचीस, “आभाळाला वेण्या घालायलेत, दुसरं काय.” मला तू चिडायला हवी होतीस. तू म्हणायचीस, “उपग्रहावरूनच तुझा फोन रस्ता दाखवतो की. चीड, पण आधी वहीत लिही.” यावरचं आपलं भांडण मिटलं नाही. आजही मला वाटतं, तू चिडायला हवं होतंस.

आता तो गुरुवार.

तिसऱ्या फोटोत ती रेघ आली. आखूड, भरदार, मध्ये पांढरीशुभ्र, दोन्हीकडे विरत गेलेली. फार वेगाने जाणारा लघुग्रह जवळून गेला तर ठिपका न दिसता रेघ दिसू शकते, हे मी वाचलं होतं. मी ओरडलेच.

“उजेड वाढव,” तू म्हणालीस.

“कशाला? दिसतंय की स्पष्ट.”

“पोरी, उजेड वाढव. टोकं बघू दे.”

मी वाढवला. काळं आकाश करडं झालं, आणि रेघेच्या दोन्ही निमुळत्या टोकांतून एक फिकट, केसाएवढी रेषा बाहेर आली. वरच्या कडेपर्यंत गेली, खालच्या कडेपर्यंत गेली. आधीच्या दोन फोटोंत काही नव्हतं, पुढच्या फोटोतही नाही. लघुग्रह असता तर थोडा पुढे तरी दिसला असता. गरगर फिरणारा एक उपग्रह चौकटीतून जाता जाता मध्येच उन्हात एकदा चमकला होता, बस.

“वेणी,” तू म्हणालीस आणि वही ओढलीस.

आणि मी, जी कोणावर आवाज चढवत नाही, ती मी तुझ्यावर ओरडले. “तुला काही सापडायलाच नकोय! तुला फक्त नाही म्हणायला आवडतं. चार वर्षं झाली मावशी. एकदा तरी हो म्हण की!”

“मी म्हणलं म्हणून होतंय का ते?”

तू चिडलीही नाहीस. तेच मला सहन झालं नाही. मी चप्पल अडकवली आणि येते असंही न म्हणता वर निघून आले.

वर जाऊन मी काय केलं, ते तुला सांगितलं नाही. आज लिहिते. मी तोच फोटो उघडला आणि उजेड कमी करत गेले. करडं आकाश काळं झालं, आणखी काळं झालं, ती केसाएवढी टोकं काळ्यात बुडाली. मग चौकट कातरून रेघ बरोबर मध्यावर आणली. फार सुंदर दिसत होती. मी ती मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि इंग्रजीत लिहिलं, बघा, मावशीला काय सापडलं. शंकेचं चिन्हही दिलं नाही. मी टोकं बघितली होती, मावशी. मला माहीत होतं. मला फक्त वाटत होतं की एकदा कोणीतरी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात. आणि थोडं असंही वाटत होतं की तुझी जिरावी.

टाळ्या वाजल्या. पाच मिनिटांत ग्रुप भरून गेला. जे लोक दुसऱ्या आठवड्यात गळाले होते, ते सगळे अभिनंदन करायला परत आले. दोन दिवसांनी तुला दम लागला आणि मी आणि बाबा तुला रिक्षातून हॉस्पिटलात घेऊन गेलो. सरांनी त्या गडबडीत कोणाला विचारलं नाही. ज्यांची दुर्बीण, ज्यांचे फोटो, त्यांना एक ओळ पाठवली असती तर उत्तर आलं असतं. त्यांना पाठवलं नाही. पेपरवाल्यांना पाठवलं.

पेपर आणि पेढे घेऊन सर तुझ्या वॉर्डात आले तेव्हा मी थर्मास धरून खिडकीपाशी उभी होते. तुझ्या नाकावर तो मास्क. सरांनी कात्रण तुझ्यासमोर धरलं, “बाई, नाव काढलंत मंडळाचं!” तू मान हलवलीस. आडवी. हात वर करून बोटं हलवलीस, नाही, नाही. सर माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, “बघ, किती विनय! शिकण्यासारखं आहे.”

याचा मला आजही इतका संताप येतो. तीस वर्षं आणि वर चार वर्षं जी बाई फक्त अचूक ‘नाही’ म्हणायला शिकली, तिचं शेवटचं ‘नाही’ त्यांनी विनय म्हणून खपवलं. पुरुषाने मान आडवी हलवली असती तर त्यांनी विचारलं असतं, काय चुकलं? आणि मी? माझ्या हातात थर्मास होता. मी त्याचं झाकण घट्ट करत राहिले.

सर गेल्यावर तू मास्क बाजूला केलास. कात्रण डोळ्यांजवळ नेलंस.

“याची टोकं कोणी कापली?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

तू माझ्याकडे बघितलंस. उजेडावर फिल्म धरून बघायचीस तसं. मग म्हणालीस, “त्यांना अख्खा फोटो दाखव. टोकं दाखव. करशील ना?”

“हो.”

“उद्याच.”

“हो मावशी.”

उद्या झाला नाही. परवाही नाही. मी रोज ठरवत होते, रोज सकाळी तुझ्यासाठी पेज घेऊन येत होते, आणि तू परत विचारलं नाहीस. का नाही विचारलंस? याचा मला तुझ्यावरही राग आहे. तुला कळलं होतं. तुला सगळं कळायचं. सरळ म्हणाली असतीस की टोकं तू कापलीस, तर मी रडले असते आणि त्याच दिवशी सरांकडे गेले असते. तू मला तुझ्यासारखे आठ दिवस देत होतीस का? मग थांबायचं होतंस ना. सहाव्या दिवशी पहाटे गेलीस.

रविवारी सभेआधी मी सरांना जिन्यात गाठलं. “सर, तो लघुग्रह नाहीये. उपग्रह आहे. मावशीने वहीत लिहिलंय.”

ते वाईट माणूस नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अगं, आज नको. आजचा दिवस त्यांचा आहे. लोकांना किती आनंद झालाय बघ. मोठेपणा त्यांनाच मिळतोय ना, आपल्याला थोडाच?”

“पण सर, ते खरं नाहीये.”

“आणि फोटो तर तूच टाकला होतास.” त्यात टोमणा नव्हता, आठवण करून देत होते. “चल, वर चल. पहिल्या रांगेत बस.”

मी मागच्या रांगेत बसले. आणि ते गृहस्थ म्हणाले, बाईंच्या हाती काहीतरी लागलं.

भाषणं झाली. तू किती साधी, किती प्रेमळ, सणावाराला सगळ्यांना कशी करंजी द्यायचीस. मावशी, तू करंज्या विकतच्या द्यायचीस, हे मला माहीत आहे. कोणी तुझ्या कामाबद्दल बोललं नाही, कारण कोणाला ते माहीत नव्हतं. तुझ्या ‘नाही’मुळे जगात कोणाचा तरी ‘हो’ खरा ठरतो, कोणीतरी कचरा उपसतं म्हणून दुसऱ्याला ठिपका दिसतो, हे त्या हॉलमध्ये कोणी म्हटलं नाही. मग सर उठले. मंडळातर्फे हा फोटो चौकटीत बसवून आपल्या मुलींच्या शाळांना भेट द्यायचा, तुझ्या नावाने. “प्रत्येक मुलीला वर्गात बसल्या बसल्या दिसावं,” सर म्हणाले, “की आपल्यातल्याच एका बाईंनी हे शोधलं.”

टाळ्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या.

त्या क्षणी मला फ्लेक्स दिसत नव्हता. मला वर्ग दिसत होता, आणि त्यात केस वर बांधलेली एखादी मुलगी, जी एक दिवस उजेड वाढवून बघेल. तिला टोकं दिसतील. आणि ती म्हणेल, या शकुंतलाबाईंना एवढंही कळत नव्हतं?

“कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत?” सरांनी रीतीप्रमाणे विचारलं. ते खाली बसायच्या बेतात होते. मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, सगळ्यांनी वळून बघितलं, आणि मग मला कळलं की ती माझीच खुर्ची होती. आई पहिल्या रांगेतून डोळे मोठे करून बघत होती. मी मराठीत कधी चार माणसांसमोर बोलले नव्हते. मनात इंग्रजीत वाक्य जुळवलं आणि सोडून दिलं. तुझ्याबद्दल ते त्या भाषेत सांगता येणार नव्हतं.

मी वही उघडली. तुझं अक्षर, निळी शाई, गुरुवार. वाचताना मी एकदा अडखळले, पण थांबले नाही. “नाही. उपग्रह. दोन्ही कडांना भिडतो, उजेड वाढवून पाहावे.”

वर पंखा कुरकुरत होता. पुढचे ते गृहस्थ मान वळवून माझ्याकडे बघत होते, सर उठून “बाळ, अगं...” म्हणत होते. मी वही मिटली नाही.

“मावशीने पहिल्याच दिवशी नाही लिहिलं होतं,” मी म्हणाले. “हॉस्पिटलातही ती नाहीच म्हणत होती. तिला सगळं दिसत होतं. टोकं मी कापली.”